विश्लेषण : ‘बॉटनी’चा मूळ अर्थ चारा! मग गावातल्या चाऱ्याच्या माहितीला शास्त्र का म्हणायचे नाही?

शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे. पुणे–अहिल्यानगर महामार्गावरून कोरेगाव भीमाला आत वळले की थोड्याच वेळात गाव लागते. समाधीवर माथा टेकवून परतणाऱ्यांपैकी फार थोड्यांचे लक्ष गावाच्या नावातल्या दुसऱ्या शब्दाकडे जाते. ‘बुद्रुक’ हा शब्द फारसी ‘बुजुर्ग’वरून आला. बुजुर्ग म्हणजे मोठा. त्याचा जोडीदार ‘खुर्द’ म्हणजे लहान. एकाच नावाची दोन गावे असली की मोठे बुद्रुक आणि धाकटे खुर्द. शेकडो वर्षे हा शब्द तोंडात बसला, मराठी झाला आणि त्याचा अर्थ विचारायची कोणाला गरज उरली नाही.

असाच एक शब्द दर वर्षी अकरावीच्या वर्गात गावोगावच्या मुलांसमोर येऊन उभा राहतो. तो म्हणजे ‘बॉटनी’. दहावीपर्यंत विज्ञानाच्या पुस्तकात वनस्पती होत्या. अकरावीला विज्ञान शाखा घेतली की पुस्तक इंग्रजी होते, वनस्पतीची ‘प्लांट’ होते आणि विषय ‘बॉटनी’ होतो. शब्द जड वाटतो, शहरी वाटतो, आपल्या घराशी त्याचा काही संबंध नाही असे वाटते.

प्रत्यक्षात या शब्दाचा संबंध घराशी नाही, तर थेट घरामागच्या गोठ्याशी आहे. तो कसा, आणि आपला ‘वनस्पती’ हा शब्द मुळात कोणासाठी होता, हे समजून घेण्यासारखे आहे. कारण प्रश्न फक्त शब्दाचा नाही. झाडापाल्याची कोणती माहिती ‘शास्त्र’ आणि कोणती ‘अडाण्याची’ हे आपण कशावरून ठरवतो, हा खरा प्रश्न आहे.

‘बॉटनी’ शब्द आला कुठून?

मूळ शब्द ग्रीक आहे, ‘बोटाने’. त्याचा अर्थ कुरण, गवत, चारा. तो निघाला ‘बोस्को’ या क्रियापदापासून. त्याचा अर्थ चारणे, खाऊ घालणे. होमरच्या ‘इलियड’मध्ये हा शब्द येतो तो मेंढ्यांच्या कळपाच्या संदर्भात. एडक्यामागे कळप कुरणातून पाण्यावर निघाला आहे, असे ते वर्णन आहे. पुढे ‘चाऱ्याचे, वनस्पतींचे ज्ञान’ या अर्थाने ‘बोटानिके’ हे विशेषण रूढ झाले. तेथून ते लॅटिन आणि फ्रेंचमध्ये गेले आणि सतराव्या शतकात इंग्रजीत ‘बॉटनी’ झाले.

आता मराठीकडे पाहा. ‘चर’ म्हणजे चालणे, फिरणे, फिरून खाणे. त्यावरून चरणे, चारणे आणि चारा. ग्रीकांनी ज्या वाटेने ‘बोटाने’ हा शब्द तयार केला, त्याच वाटेने मराठीत ‘चारा’ तयार झाला. आधी जनावर चरते, मग ते जे खाते त्याला नाव मिळते. फरक इतकाच, की ग्रीक चाऱ्याचे शास्त्र झाले आणि मराठी चारा गोठ्यातच राहिला.

याच ग्रीक मूळ शब्दाची आणखी एक नातलग आपण जीवशास्त्राच्या पुस्तकात पाहतो. हत्तीच्या सोंडेला आणि फुलपाखराच्या सोंडेसारख्या नळीला इंग्रजीत ‘प्रोबॉसिस’ म्हणतात. ‘पुढून खाण्याचे साधन’ असा त्याचा साधा अर्थ आहे. म्हणजे एकाच मुळापासून निघालेला एक शब्द चाऱ्याकडे गेला आणि दुसरा तो उचलणाऱ्या सोंडेकडे.

या शास्त्राचा जनक म्हणून ज्याचे नाव घेतले जाते तो थिओफ्रास्टस हा ॲरिस्टॉटलचा शिष्य. इसवी सनापूर्वी चौथ्या–तिसऱ्या शतकातला. त्याने वनस्पतींचे वृक्ष, झुडूप, लहान झुडूप आणि रोप असे चार गट केले. विशेष म्हणजे अलेक्झांडरच्या स्वारीबरोबर भारतात आलेल्यांनी जी माहिती परत नेली, तिच्या आधारे त्याने एका अजब भारतीय झाडाचे वर्णन केले. फांद्यांतून मुळे खाली सोडणारे आणि ती मुळे जमिनीत रुजवून स्वतःभोवती मांडव घालणारे झाड. ते झाड म्हणजे आपला वड. बॉटनीच्या पहिल्या पुस्तकातच वडाच्या पारंब्या आहेत.

‘वनस्पती’ म्हणजे नेमके काय?

‘वनस्पती’ हा वेदकाळापासूनचा शब्द. ‘वन’ आणि ‘पती’ मिळून झालेला. अर्थ वनाचा स्वामी. ‘बृहस्पती’मध्ये जसा मधे ‘स’ दिसतो, तसाच इथेही. वेदांमध्ये हा शब्द मोठ्या वृक्षासाठी येतो आणि त्याच्या लाकडापासून केलेल्या यज्ञातल्या खांबालाही ‘वनस्पती’ म्हणूनच हाक मारली जाते. सरसकट हिरव्या सगळ्या गोष्टींसाठी तो शब्द नव्हता.

पुढे चरकसंहितेत आणि अमरकोशात त्याला आणखी नेमका अर्थ मिळाला. ज्या झाडाला फूल दिसत नाही पण फळ येते, ते झाड वनस्पती. कोणती ही झाडे? वड, पिंपळ आणि उंबर.

मराठीत क्वचित दिसणाऱ्या माणसाला ‘उंबराचे फूल’ म्हणतात. वर्षभर गावाकडे न फिरकलेला भाऊ दिवाळीत दारात उभा राहिला की घरातले म्हणतातच, आज उंबराचे फूल कसे काय उगवले? या एका वाक्प्रचारात ‘वनस्पती’ शब्दाची दोन हजार वर्षांपूर्वीची व्याख्या अजून जिवंत आहे. उंबराला फूल येत नाही असे लोकांना वाटे, म्हणून ते दिसणे दुर्मीळ. आणि फुलाशिवाय फळ देणारे म्हणून उंबर हा वनस्पती.

आजचे शास्त्र सांगते की उंबराला फुले येतात, ती फक्त आत असतात. ज्याला आपण उंबराचे फळ म्हणतो ती मुळात बाहेरून बंद झालेली एक लहान कुपी. तिच्या आतल्या भिंतीला शेकडो बारीक फुले लगडलेली असतात. टोकाच्या छिद्रातून एक चिमुकली गांधीलमाशी आत शिरते, फुलांवर पराग पोहोचवते आणि तिथेच अंडी घालते. उंबर फोडल्यावर आत दिसणारे किडे बहुतांशी हेच. म्हणजे खाली पडलेले उंबर फोडून ‘शी, किडे’ म्हणणारे पोर न कळत फुलांनी भरलेली कुपीच पाहत असते. जुन्या लोकांचे निरीक्षण चुकले नव्हते. बाहेर फूल दिसत नाही हे त्यांनी बरोबर टिपले होते. आत काय आहे ते पाहायला भिंगे नंतर आली.

मग ज्वारी, मेथी या वनस्पती नाहीत का?

जुन्या व्याख्येनुसार नाहीत. चरकसंहितेत जमीन फोडून वर येणाऱ्या सजीवांचे चार प्रकार सांगितले आहेत. फूल न दिसता फळ देणारे ते वनस्पती. फुलानंतर फळ देणारे, म्हणजे आंब्यासारखे, ते वानस्पत्य. पसरणाऱ्या, चढणाऱ्या वेली म्हणजे वीरुध. आणि फळ पिकले की ज्यांचे आयुष्य संपते त्या ओषधी.

हा शेवटचा प्रकार शिरूरच्या शेतकऱ्यासमोर ठेवला तर तो लगेच म्हणेल, ही तर आमची पिके. ज्वारी, बाजरी, गहू, हरभरा. दाणा पक्व झाला की ताट वाळते. म्हणजे ज्वारीचे शेत हे मूळ अर्थाने ओषधींचे शेत.

पुढे या शब्दाचे काय झाले ते पाहिले तर शेतीचा इतिहासच डोळ्यांसमोर येतो. ओषधीपासून जे तयार केले ते औषध. मग औषध म्हणजे आजार बरा करणारी कोणतीही गोष्ट. आणि आज गावात ‘औषध मारायला गेलाय’ म्हटले की अर्थ एकच, पिकावर कीटकनाशक फवारायला गेलाय. जो शब्द पिकाचे नाव होता, तो आता पिकावर मारायच्या विषाचे नाव झाला.

‘वनस्पती’ शब्दाचाही प्रवास काही कमी गमतीचा नाही. संस्कृतात तो पुल्लिंगी, कारण तो स्वामी. मराठीत ‘ती वनस्पती’. वनाचा राजा मराठीत येऊन स्त्रीलिंगी झाला आणि वडा-पिंपळापुरता न राहता गवताच्या पात्यापर्यंत सगळ्यांना सामावून घेऊ लागला. १९३७ मध्ये ‘डालडा’ बाजारात आले आणि तेलापासून गोठवलेल्या तुपासाठीही ‘वनस्पती’ हाच शब्द रूढ झाला. नंतरच्या दोन पिढ्यांना ‘वनस्पती’ म्हटल्यावर आधी ताडाचे चित्र असलेला पिवळा डबा आठवायचा.

यावरून एक गोष्ट लक्षात येते. शब्द कोशात बंद राहत नाहीत. लोक ज्या कामाला लावतील त्या कामाला ते लागतात. त्यामुळे ‘खरा’ अर्थ फक्त सर्वांत जुना अर्थ, असे म्हणण्यात हशील नाही. पण जुना अर्थ माहीत असला तर आज आपण कुठून कुठे आलो ते कळते.

इतर भाषांत या शास्त्राला काय म्हणतात?

हिंदीत ‘वनस्पति विज्ञान’, गुजरातीत मराठीप्रमाणेच ‘वनस्पतिशास्त्र’. बंगालीत ‘उद्भिदविद्या’, म्हणजे जमीन भेदून वर येणाऱ्यांची विद्या. तेलुगूत ‘वृक्षशास्त्र’. कन्नड आणि मल्याळममध्ये ‘सस्यशास्त्र’. सस्य म्हणजे धान्य, उभे पीक. उर्दूत अरबीवरून आलेला ‘नबातियात’.

एकच विषय, पण नाव देताना प्रत्येक भाषेने वेगळ्या ठिकाणी बोट ठेवले. कोणी वृक्षावर, कोणी पिकावर, कोणी बीज फुटून कोंब वर येण्याच्या क्षणावर. ग्रीकांनी चाऱ्यावर ठेवले. जुन्या संस्कृत ग्रंथांत ‘वृक्षायुर्वेद’ असाही शब्द आहे. झाडांची लागवड, खतपाणी आणि त्यांच्या रोगांवरचे उपचार हा त्याचा विषय. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त त्यावर स्वतंत्र अध्याय आहे. म्हणजे शब्द कोणताही घ्या, सुरुवात कामापासून झाली आहे. जनावर जगवायचे, पीक काढायचे, आजार बरा करायचा. प्रयोगशाळा फार नंतर आली.

वनस्पतिशास्त्र की वनस्पतीशास्त्र?

मोबाइलवर दोन्ही रूपे दिसतात. नियम सोपा आहे. संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द एकटा असेल तर मराठीत शेवटचे अक्षर दीर्घ, म्हणून ‘वनस्पती’. तोच शब्द समासात पुढे आला तर मूळचे ऱ्हस्व रूप, म्हणून ‘वनस्पतिशास्त्र’. ‘कवी’ पण ‘कविसंमेलन’, ‘बुद्धी’ पण ‘बुद्धिमान’, तसेच हे.

गावातली नावे शास्त्रात गेली कशी?

बॉटनी युरोपात वाढली आणि इंग्रजांनी ती भारतात आणली, असे सरसकट सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे.

१५६३ मध्ये गोव्यात पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता याने इथल्या औषधी द्रव्यांवर संवादरूपात एक पुस्तक छापले. त्यातली माहिती त्याने इथल्या वैद्यांना, व्यापाऱ्यांना विचारून गोळा केली होती. पुढे शंभरेक वर्षांनी कोचीचा डच गव्हर्नर हेन्ड्रिक व्हॅन ऱ्हीड याने मलबारातील वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला. १६७८ ते १६९३ या काळात तो ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्यासाठी माहिती देणाऱ्यांत इट्टी अच्युतन हे केरळी वैद्य होते आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट हे तीन कोकणी वैद्यही होते. या तिघांनी नागरी लिपीत कोकणीत लिहून दिलेले निवेदन पहिल्या खंडात छापलेले आहे. पुढे लिनियसने १७५३ मध्ये जगभरच्या वनस्पतींना दोन शब्दी लॅटिन नावे देणारा ग्रंथ काढला, तेव्हा भारतातल्या झाडांसाठी त्याने याच ग्रंथाचा मोठा आधार घेतला.

आपल्याकडच्या वनस्पतींची एक मोठी शास्त्रीय यादीही पुण्याशी जोडलेली आहे. थिओडोर कूक हे पुण्याच्या ‘कॉलेज ऑफ सायन्स’चे, म्हणजे आजच्या सीओईपीचे प्राचार्य. पेशाने इंजिनिअर. निवृत्तीनंतर त्यांनी मुंबई इलाख्यातील वनस्पतींवर ग्रंथ लिहिला. तो १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला आणि आजही महाराष्ट्रातल्या वनस्पतींवर काम करणारा प्रत्येक जण तो उघडतो. मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर कोलकाता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते आणि नंतर पुण्यात त्यांनी संशोधन संस्था उभी केली. आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. १९५५ पासून भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागाचे केंद्रही पुण्यातच आहे.

या सगळ्या कामात एक दुवा समान आहे. झाड दाखवणारा आणि त्याचे नाव सांगणारा माणूस स्थानिक असतो. पुस्तकावर त्याचे नाव क्वचितच येते.

मग फक्त गावातली नावे पुरेशी आहेत का?

नाहीत आणि इथे भावनेपेक्षा नीट विचार करणे गरजेचे आहे. उदाहरणार्थ ‘ब्राह्मी’. या नावाने किमान दोन अगदी वेगळ्या वनस्पती ओळखल्या आणि विकल्या जातात. ‘शंखपुष्पी’चेही तसेच. गावागणिक नाव बदलते आणि कधी एकाच नावाखाली तीन झाडे निघतात. औषध म्हणून घ्यायचे असेल तर हा गोंधळ परवडणारा नाही. अशा वेळी लॅटिन नाव हेच खात्रीचे ओळखपत्र.

दुसरे उदाहरण गाजर गवताचे. हे ना गाजर, ना गवत. पाने गाजरासारखी म्हणून ते नाव. कुळ मात्र सूर्यफुलाचे. मूळचे अमेरिका खंडातले हे तण आयात गव्हाबरोबर आले असे म्हणतात. भारतात त्याचा फैलाव लक्षात आला तो १९५०च्या दशकात, पुण्यातच. आज ते पडीक रानात, रस्त्याकडेला सगळीकडे आहे. त्याने अंगाला खाज सुटते, दमा उफाळतो आणि जनावर त्याला सहसा तोंड लावत नाही. ग्रीकांच्या भाषेत सांगायचे तर ते ‘बोटाने’ नाही, चारा नाही.

उलट ज्याला आपण कधी गवत म्हणत नाही तो ऊस मात्र शास्त्राच्या दृष्टीने गवतच. ज्वारी, बाजरी, गहू, मका आणि बांबूही त्याच कुळातले. भीमेच्या खोऱ्यात नजर जाईल तिथवर डोलणारे उसाचे फड म्हणजे माणसाने लावलेले उंच गवत. ही गोष्ट शाळेत सांगितली की मुले आधी हसतात आणि मग उसाचे पान, बाजरीचे पान आणि हराळीचे पान शेजारी ठेवून पाहू लागतात. सरळ समांतर शिरा, कांड्यांचा दांडा, कांड्याला गुंडाळलेला पानाचा देठ. सारखेपणा डोळ्यांनी दिसतो. शास्त्र म्हणजे हेच.

चाऱ्याची माहिती हे शास्त्र आहे का?

गोठा सांभाळणाऱ्या बाईला विचारा. लसूणघास किती घालायचा, ओला आणि वाळला चारा किती प्रमाणात मिसळायचा, जास्त झाला तर पोट का फुगते, मुरघास दाबून भरताना हवा का राहू द्यायची नाही, हे तिला माहीत असते. शब्द वेगळे असतील, पण कारण आणि परिणाम यांची साखळी पक्की असते.

यातले सर्वांत बोलके उदाहरण ज्वारीचे. कोवळी ज्वारी, पावसाने ताण दिल्यावर खुरटलेली ज्वारी किंवा कापणीनंतर बुडख्यातून फुटलेले हिरवे धुमारे जनावराने खाल्ले तर ते तडफडून मरू शकते. शेतकरी याला ‘किरळ लागणे’ म्हणतात. म्हणून ज्वारीच्या फुटव्यांत जनावर सोडायचे नाही, हा नियम घरात पोरासोरांनाही माहीत असतो.

प्रयोगशाळा काय सांगते? कोवळ्या ज्वारीत धुरिन नावाचे द्रव्य असते. पान चावले गेले की त्यातून हायड्रोजन सायनाइड हा जहाल विषारी वायू तयार होतो. पीक जेवढे कोवळे आणि पाण्याच्या ताणातले, तेवढे हे द्रव्य जास्त. पीक पक्व होऊन वाळले, त्याचा कडबा झाला की धोका खूप कमी होतो. म्हणजे लॅबमधून बाहेर आलेले निष्कर्ष आणि गोठ्यातला नियम तंतोतंत जुळतात. एकाने कारण शोधले, दुसऱ्याने शेकडो वर्षे जनावरे वाचवली.

लव्हाळ्याचेही असेच. खुरपणी करणाऱ्या बाईला ठाऊक असते की हराळी आणि लव्हाळा दिसायला गवतच, पण लव्हाळ्याचा दांडा बोटांत फिरवला की तीन कडा लागतात आणि नुसता वरून उपटला तर जमिनीतल्या गाठीतून तो पुन्हा उगवतो. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात लव्हाळ्याचे कुळ गवतापासून वेगळे काढले आहे, त्यातल्या ठळक खुणांपैकी एक हीच, तीन कडांचा दांडा. पदवी नसलेल्या हाताने हा फरक आधीच ओळखलेला असतो.

मग अडते कुठे?

अडते ते वर्गात. ज्या मुलाने सकाळी घास कापून गोठ्यात टाकला, तोच मुलगा दुपारी शिकवणीत ‘बॉटनी’चे पान उघडतो तेव्हा आपल्याला यातले काहीच येत नाही असे त्याला वाटते. त्याला हराळी येते, पण पुस्तकात फक्त लॅटिन नाव असते. त्याला किरळ माहीत असते, पण पुस्तकात वेगळाच शब्द असतो. दोन्ही एकच आहेत हे जोडून देणारे वाक्य पुस्तकात नसते आणि वर्गातही बहुधा बोलले जात नाही.

वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेत ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे असतात आणि ही परीक्षा मराठीतूनही देता येते. त्यामुळे प्रश्न केवळ अस्मितेचा नाही, संधीचाही आहे. शब्दांना घाबरून जो विद्यार्थी विषय सोडतो, तो गुणवत्तेत कमी असतो असे नाही. त्याच्याकडच्या माहितीला कोणी नाव दिलेले नसते एवढेच.

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते, सगळ्या संज्ञा मराठीत आणा. भाषा संचालनालयाने वनस्पतिशास्त्राचा परिभाषा कोश केलेला आहे आणि तो उपयोगी आहे. पण प्रामाणिकपणे पाहिले तर त्यातले अनेक संस्कृत शब्द गावातल्या मुलाला लॅटिनइतकेच परके वाटतात. एक परका शब्द काढून दुसरा परका शब्द बसवला तर पाठांतर बदलते, समज वाढत नाही.

दुसरे टोकाचे उत्तर असते, मराठी कशाला, सरळ इंग्रजीच शिकवा. त्यात तोटा असा की मुलाच्या घरात असलेले अर्धे ज्ञान पहिल्याच दिवशी वर्गाबाहेर ठेवावे लागते.

या दोन्हींच्या मधली वाट मराठी विश्वकोशाने केव्हाच दाखवली आहे. तिथे वनस्पतीची नोंद उघडली की आधी मराठी नाव, मग इतर भाषांतील नावे, मग लॅटिन नाव आणि कुळ असा क्रम दिसतो. एकाच ओळीत गाव आणि जग. शाळेच्या पुस्तकात हीच पद्धत आणायला फार मोठा खर्च नाही.

काय करता येईल?

यासाठी नवा कायदा लागत नाही. तो आहेच. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असणे आणि तिने लोकांच्या मदतीने ‘लोक जैवविविधता नोंदवही’ करणे अपेक्षित आहे. गावात कोणती झाडे, पिकांचे वाण, गवते, औषधी वनस्पती, पशुपक्षी आहेत आणि लोक त्यांचा उपयोग कसा करतात, याची ती नोंद. पुण्याचे ज्येष्ठ परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी ही कल्पना पुढे आणली. राज्याचे जैवविविधता मंडळ नागपूरला आहे.

मुद्दा असा, की अशी वही कोणा एजन्सीने कार्यालयात बसून भरली तर ती सरकारी कागद होते. तीच वही गावातल्या शाळेच्या मुलांनी आजीला, गुराख्याला, खुरपणाऱ्या मावशींना विचारून भरली, सोबत फोनवर फोटो काढले आणि शिक्षकांनी लॅटिन नाव शोधून दिले, तर ती वही बॉटनीचे पहिले प्रात्यक्षिक ठरते. केना, कुर्डू, घोळ, टाकळा, आघाडा, कुंदा. प्रत्येक नावापुढे काय खातो, काय खात नाही, कधी उगवते, कशावर उपयोगी. आपल्या ग्रामपंचायतीत ही वही आहे का आणि असली तर त्यात ही नावे आहेत का, हे कोणीही नागरिक जाऊन विचारू शकतो.

घाई करण्याचे कारणही आहे. तणनाशकाची एक फवारणी झाली की बांधावरची दहा गवते एकाच वेळी जातात. खुरपणीच बंद झाली की तणांची नावे घेणारे तोंडही बंद होते. दारात पेंड आणि तयार खाद्य आले की चाऱ्याची पारख करण्याची गरज संपते. झाड अजून शिवारात असते, पण नाव गेलेले असते. आणि नाव गेले की ती फक्त ‘कसली तरी वनस्पती’ उरते. हे असेच चालले तर काही वर्षांनी ही नावे औषधालाही सापडणार नाहीत.

‘बुद्रुक’ हा शब्द फारसीतून येऊन वढूचा झाला, तसा ‘बॉटनी’ हा शब्दही आपला होऊ शकतो. त्यासाठी तो हटवायची गरज नाही. तो मुळात कुरणातून आलाय, एवढे मुलांना सांगितले तरी पुरे आहे. पुढचे त्यांना घरूनच ठाऊक असते.